इंग्लंडमधल्या डोंगर-तळ्यांच्या लेक डिस्ट्रिक्टला मोटरहोम (आत झोपायची सोय असलेली गाडी) नेताय?

पहिलीच वेळ ना? मग हार्डनॉट आणि रायनोज या खिंडींकडे मोटरहोम अजिबात वळवू नका. हार्डनॉटचा चढ ३३ टक्क्यांच्या घरात, रस्ता जेमतेम एका गाडीपुरता. नकाशा जवळचा म्हणून तोच दाखवेल, ऐकू नका. केंडलहून विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिकला जाणारा ए ५९१ रस्ता धरा.

उताराला गिअर खालचाच ठेवा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका. आमच्या पहिल्या ट्रिपला चाकांतून जळका वास यायला लागला, मुलं मागच्या सीटवर झोपलेली. पोटात गोळाच आला होता.

कॅम्पसाइट आधी बुक करा, तळ्याकाठी वाटेल तिथे रात्री थांबता येत नाही. चाकांखाली घालायचे रॅम्प घ्याच, नाहीतर उताराच्या जागेवर रात्रभर उशी घसरत राहते.