हात पिवळे दिसत असताना अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायचा का?

ताई, डोस द्या. पण थेंब आणि कलेजीचा हिशेब आधी बघू.

मुलगी दीड वर्षाची, रोज गाजर-भोपळ्याचं खिमट, तळहात आणि नाकाचा शेंडा पिवळसर. सासूबाई आठवड्यातून दोनदा कलेजी भरवतात, मल्टिव्हिटामिनचे थेंबही चालू आहेत आणि अंगणवाडीतून डोसचा निरोप आलाय. बरोबर ना?

सगळ्यात आधी तिला दिवसाउजेडी खिडकीपाशी घ्या, खालची पापणी हलकेच ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघा. तो स्वच्छ पांढरा असेल आणि लघवी गडद नसेल, तर हा गाजराचा रंग आहे. पांढरा भाग पिवळट वाटला तर आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

गाजर, भोपळा, पपई, शेवग्याचा पाला यांत तयार अ नसतं, बीटा कॅरोटीन असतं. शरीर त्यातून लागेल तेवढंच अ बनवतं, बाकीचं कातडीत साठून पिवळं दिसतं. त्याने अपाय नाही. गाजर आठवड्यातून दोन-तीनदाच दिलंत की रंग हळूहळू उतरेल. मधल्या दिवशी माठ, शेपू, वरणात शेवग्याचा पाला घाला. खिमटावर चमचाभर तूप हवंच. नुसत्या उकडलेल्या गाजरातलं कॅरोटीन अंगी फार कमी लागतं.

जास्त होऊ नये म्हणून जपायचं ते तयार अ ला, म्हणजे रेटिनॉलला. 1 ते 3 वर्षांच्या मुलाची आपल्याकडची शिफारस रोज 390 मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण 1300 आययू (आंतरराष्ट्रीय एकक, डोस मोजायचं माप). कोंबडीच्या कलेजीचा 25 ग्रॅमचा तुकडा त्याच्या दुप्पट देतो! लोहासाठी कलेजी उत्तम, म्हणून बंद नका करू. आठवड्यातून एकदा, एक लहान तुकडा. सासूबाईंचा मानही राहील.

आता डोस. 9व्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसोबत 1 लाख आययू, पुढे दीड वर्षापासून दर सहा महिन्यांनी 2 लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण 9. दोन लाख ऐकून पोटात गोळा येतो, पण ते 60,000 मायक्रोग्रॅम सहा महिन्यांत वाटले तर दिवसाला 330च्या आसपास पडतात. यकृत ते साठवून पुरवून वापरतं. एखादं मूल त्या दिवशी ओकतं, चिडचिड करतं, दुसऱ्या दिवशी ठीक होतं. चांगलं खाणाऱ्या मुलांनाही सरसकट डोस हवा का, यावर तज्ज्ञांत वाद आहेच; माझं मत, वेळापत्रक चालू आहे तोवर ते पाळावं, पण सहा महिन्यांच्या आत दुसरा डोस नको. कार्डावर तारीख लिहून घ्या. खाजगी दवाखान्यात डोस झाला असेल तर तोही कार्डावर चढवा, गफलत तिथेच होते.

मग जास्तीचे उरतात ते थेंब. बाटलीवर ‘व्हिटामिन ए’समोरचा आकडा वाचा. डॉक्टरांनी लिहून दिलेले नसतील तर तूर्त थांबवा. दिले असतील तर कलेजी आणि डोसचं सांगून त्यांनाच विचारा. कॉड लिव्हर ऑइलची (माशाच्या यकृताच्या तेलाची, त्यातही तयार अ असतं) बाटली घरात असेल तर तीही सोबत न्या.