जाळ्यात सापडलेला ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ शंख विषारी असतो का? घरात ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की आत्तेभावानं मालवणहून ट्रॉलरच्या जाळ्यात आलेला लांबट शंख दिला, कुणीतरी तो विषारी आहे म्हणालं आणि घरात लहान मुलगी आहे.

आधी काळजी मिटवतो. शंख आतून खरंच रिकामा असेल तर भीती नाही. विष असतं आतल्या गोगलगाईच्या शरीरात, कवचात नव्हे. पण तोंडाशी वास येत असेल किंवा आत मांस दिसत असेल, तर काडीनं कोरू नका आणि मुलीच्या हातात तर अजिबात देऊ नका.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. कोकणच्या सहलीहून पोरं पिशव्या भरून शिंपले आणायची. देवीच्या माळेतली कवडी निरुपद्रवी. मला धास्ती असायची ती जिवंत कोन शंखाची, म्हणजे शंकूच्या आकाराच्या कवचातल्या विषारी गोगलगाईची. ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ही याच कुळातला. त्याचा दात मायक्रोस्कोपखाली बघितलाय. कागदाची सुरळी करावी तसा गुंडाळलेला, आतून पोकळ, टोकाला उलटा काटा. सोंडेच्या टोकाशी हा दात येतो, त्यात विष भरतं आणि तो भाल्यासारखा भक्ष्यात घुसतो. ‘रुंद बाजूनं धरला की काही होत नाही’ ही समजूत जिवावर बेतू शकते. सोंड मागेही वळते, आणि दात कापडातूनही आरपार जातो.

माणसं दगावली ती मुख्यतः कोनस जिओग्राफस या मासेखाऊ जातीमुळे. या विषावर उतारा नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून दंश झालेला हात न हलवता दाबपट्टी बांधायची आणि व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठायचं. याच कुळातल्या कोनस मॅगसच्या विषावरून झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचं औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला 2004 साली मान्यता मिळाली. वर्गात हे सांगताना मला दरवेळी भरून यायचं.

आता ‘ग्लोरी ऑफ इंडिया’. म्हणजे कोनस मिल्नेएडवर्डसी, खोल पाण्यातली जात. 1899 साली मेलविल आणि स्टँडन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकांनी अरबी समुद्रातल्या नमुन्यांवरून तिला वेगळं नावही दिलं होतं. पायरीपायरीनं चढत गेलेलं उंच शिखर आणि पांढऱ्यावर तपकिरी रेघांचे तंबूसारखे त्रिकोण, ही ओळख. तुमचा शंख तसाच निघाला, तर प्रश्न विषाचा नाही, कायद्याचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या जातीला संरक्षण दिलंय. कुणी कितीही पैसे देऊ केले तरी विकू नका, वनविभागाला दाखवा.

शिखराचा आणि तोंडाचा असे दोन फोटो टाका, बघून सांगतो.