कट्ट आवाज आला म्हणजे गादी जागेवर बसली का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार डॉक्टरताई. आमचे हे दुधाचा टेम्पो चालवतात, वय ४४. दिवाळीनंतर ४० लिटरचा कॅन उतरवताना कमरेत चमक भरली. आता कमरेपेक्षा डावा पायच जास्त दुखतो, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचं आलंय. सर्जन म्हणाले, इतक्यात ऑपरेशन नको. पाच आठवडे झाले. माझे दीर पुण्यातल्या एका कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन उपचार करणाऱ्याचे व्हिडिओ दाखवतात. मानेला टॉवेल अडकवून झटका देतात, कट्ट आवाज येतो आणि माणूस उठून चालायला लागतो. दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरायचे आहेत. गादी खरंच जागेवर बसते का? जावं का?
— एक वाचक, ता. वाळवा

उत्तर : ताई, पैसे भरायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत.

पहिल्यांदा घरीच एक बघा. यांना भिंतीचा आधार देऊन, चवडे उचलून, नुसत्या टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. मग खाटेवर बसवून डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगा आणि तुम्ही बोटाने तो खाली दाबा. चवडा पडत असेल किंवा अंगठा लगेच हार मानत असेल, तर त्या नसेची ताकद जाते आहे. मग पुणंबिणं राहू द्या, त्याच सर्जनकडे लगेच जा. ताकद शाबूत असेल तर पुढचं निवांत वाचा.

‘गादी सरकली’ या शब्दाने माझ्या पेशंटना जेवढं घाबरवलंय तेवढं दुखण्यानेही नसेल. गादी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धरून असते. तिची बाहेरची कड चिवट, आतला गर मऊ. करंजीची कड एका जागी उकलून सारण बाहेर डोकावावं, तसा तो गर बाहेर येतो आणि नसेला टेकतो. आता सांगा, उकललेल्या करंजीला बाहेरून झटका दिला तर सारण आत जाईल का?

मग कट्ट कशाचं? मणक्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान सांधे असतात. ते एकदम ताणले की आतल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. त्यानंतर आवळलेले स्नायू काही काळ सैल पडतात, हलकं वाटतं. तो आराम खोटा नाही. साध्या, जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवलेल्या उपायांत मणक्यावरच्या हातांच्या उपचारालाही जागा आहे. इंग्लंडची २०१६ ची मार्गदर्शक सूचना सायटिकातही, म्हणजे यांच्यासारखी नस दबून पायात कळ येते तेव्हाही, तो चालेल म्हणते, पण व्यायामाच्या जोडीनेच, एकटा नव्हे. म्हणजे उपयोग थोडा आहे. दहा बैठकांत गादी बसवून देतो, ही हमी मात्र चुकीची आहे.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेत आयोवामधल्या डेव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी केली. तिथे आज त्याचं कित्येक वर्षांचं शिक्षण आणि सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे त्याची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद नाही. नीट शिकून आलेले जाणकार इथेही आहेत, म्हणून कुठे आणि किती वर्षं शिकलात, हे तोंडावर विचारायचं. एमआरआय न बघता, पायाची ताकद न तपासता जो टेबलावर झोपा म्हणतो, त्याच्याकडून उठून यायचं. आणि टॉवेलला तर ठाम नकार द्या. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचितच होतं, पण दुखतोय पाय, मान कशाला पणाला लावायची?

दिलासा असा, की बाहेर आलेला तो गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. मोठा तुकडासुद्धा आक्रसतो. बहुतेकांचा पाय दोन-तीन महिन्यांत बराच निवतो, तुमचे पाचच आठवडे झालेत. तोवर कॅन दुसऱ्याने उचलावा. टेम्पो चालवावाच लागला तर अर्ध्या तासाने उतरून चार पावलं टाकावीत. दिवसभर पडून राहू नये. कळ पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर घाबरू नका, ते सुधारणेचं लक्षण आहे. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम मात्र समोर बसून शिकून घ्या.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक पेशंटला सांगते, कारण एकाला कुणी सांगितली नव्हती. ऊसतोडीवरचा तिशीतला मुलगा. कंबर दुखते म्हणून गावात दोनदा पाठ तुडवून घेतली. संडासला गेल्यावर धुताना तिथलं काही कळत नव्हतं, लघवी अडत होती. पण हे सांगायचं कुणाला, म्हणून चार दिवस लाजेने गप्प राहिला. माझ्याकडे आला तेव्हा मी हातही न लावता त्याला सर्जनकडे पाठवलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पाय वाचले. लघवीला मात्र अजून नळी घालावी लागते. पहिल्याच दिवशी आला असता तर कदाचित ही वेळ आली नसती, हे माझ्या मनातून जात नाही.

मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांतलं बळ जाणं. यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या. पुरुषमाणूस हे दिराला सांगणार नाही, आईलाही सांगणार नाही. तुम्हीच विचारा, आज जेवणं झाल्यावर. आणि टाचांवर चालता आलं का, ते मला कळवा.