टाकीवरचं नाव पुसलेली जुनी गाडी जावा की येझदी, आणि साल कोणतं?

प्रश्न असा, की नागपूरच्या इतवारीतल्या गोदामात मामांची टू-स्ट्रोक गाडी निघाली, दोन्ही बाजूंना सायलेन्सर, नंबर एमएच ३१ चा, म्हणजे नागपूरचा.

भाऊ, आधी किक बघा. मारून झाल्यावर तोच दांडा पुढे वळून गिअरचा होतो का? होत असेल तर गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाची. तिथे १९६१ पासून जावा बनत होती, सत्तरीच्या दशकात नाव येझदी झालं, १९९६ ला कारखाना बंद पडला. स्पीडोमीटर हेडलाइटच्या डोक्यातच बसवलेला असेल तर १९७८ ला आलेलं येझदीचं रोडकिंग मॉडेल बाद करा.

टाकीवर मात्र विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांत टाकी, मडगार्ड, सीट, सगळं बदललेलं असतं. खरं बोलतो तो चेसिसवर ठोकलेला नंबर. हँडलच्या मानेजवळ रॉकेलचा बोळा फिरवा, वर खडू घासा, बाजूने टॉर्च मारा, अंक उमटतात. पॉलिश पेपर बिलकुल नको, अंकच घासले जातात. इंजिनवरचा नंबरही टिपून घ्या आणि दोन्ही आरसी बुकाशी ताडून पहा. इंजिन दुसऱ्या गाडीचं निघालं तर साल चेसिसवरूनच धरायचं.

एमएच ३१ वरून साल काढू नका. ही मालिका १९८९ नंतरची; त्याआधी एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं असत. म्हणजे जुनी गाडी नंतर इथे पुन्हा नोंदवलेली असू शकते. आरसीत उत्पादनाचं साल वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा.

दोन्ही नंबर मिळाले की फोटो टाका, पण शेवटचे अंक झाकून.