२०१२ चा डेस्कटॉप आहे. प्रोसेसर आणि वायफाय कार्ड बदलू की नवाच घेऊ?

तुम्ही लिहिलंय की एच६१ मदरबोर्ड आहे, आय३-२१२० प्रोसेसर, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. आय७ टाकायचा विचार आहे, वायफाय कार्डही बसवायचंय, आणि घरचे म्हणतायत भंगारात द्या. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले.

भंगारात देऊ नका. आय७ च्या मागे लागू नका, आय५-३४७० पुष्कळ झाला. पण त्याच्याही आधी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची वेगवान डिस्क) आणि रॅम. वायफायसाठी आतल्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड घ्या, यूएसबीचं नखाएवढं डोंगल नको. झालं उत्तर. आता हे इतक्या ठसक्यात का सांगतेय ते ऐका.

मी कराडला घरातूनच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं काम, करते. लग्नसराईत पत्रिका आणि पावसाळ्यात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सप्टेंबरअखेरपर्यंत सगळ्यांना सभा उरकायची असते, त्यामुळे सगळ्यांचं काम एकदमच येतं, आणि ताळेबंदातले आकडे छपाईच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलत राहतात. मशीन जवळजवळ तुमच्यासारखंच. जुन्या मराठी फॉन्टचं पॅकेज त्याच्यावर हार्डवेअर लॉक (मशीनला जोडायची किल्ली) लावून चालतं, मशीन बदललं की तिथून पुढे सगळाच खर्च.

अशा ऐन गर्दीत गणपतीला दीर पुण्याहून आले. आयटीत आहेत. मी एका अहवालाची पीडीएफ छापखान्याला पाठवत होते, पानं लावायचं सॉफ्टवेअर कोरल उघडायला पाच मिनिटं, त्यात वायफाय मध्येच तुटायचं. भावोजी खुर्चीमागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "वहिनी, प्रोसेसर गेलाय याचा. पस्तीस-चाळीस हजारांत नवा येतो, घेऊन टाका." आमच्या ह्यांनी मोदकाच्या ताटात डोकं घातलं.

"प्रोसेसर गेलाय" म्हणायची एक फॅशनच आहे. अहो, प्रोसेसर सहसा जात नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जातो, पंखा घरघरतो, बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात, हार्ड डिस्क दम टाकते. मी तिथल्या तिथे टास्क मॅनेजर उघडून दाखवला. सीपीयू वीस टक्क्यांच्या आसपास, आणि डिस्कचा रकाना शंभरावर चिकटलेला. म्हणजे प्रोसेसर बिचारा हात बांधून डिस्कची वाट बघत होता. भावोजी म्हणाले, "तेच ते, मशीन जुनं झालं की असंच होतं." तेच ते नाही ना! एक भाग अडलाय, तो बदला.

एसएसडी टाकली. एच६१ वर साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, जुन्या पद्धतीचं, तीन गिगाबिटचं असतं, त्यामुळे एसएसडी सेकंदाला अडीचशे-पावणेतीनशे एमबीच्या पुढे जात नाही. म्हणून घेऊ नका असं सांगणारेही भेटतील. दुर्लक्ष करा. विंडोज उघडताना इकडच्या तिकडच्या हजारो बारक्या फायली वाचायच्या असतात, खरा वेळ डिस्कच्या त्या धावाधावीत जातो. रॅमसाठी बहुतेक एच६१ बोर्डांवर दोनच स्लॉट असतात, डीडीआर३, आठ-आठच्या दोन बसतात. तुम्हाला आठ जीबी पुरे.

हे झाल्यावर कुठे प्रोसेसर खरोखर कमी पडायला लागला. संचालक मंडळाचे मोठाले फोटो असलेली पानं पीडीएफ करताना चारही आलेख शंभरावर जायचे. २१२० ला कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच, थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं) चार. ३४७० ला खरे चार कोर. आय७-३७७० लाही कोर चारच, थ्रेड तेवढे आठ. पण त्या सॉकेटवर बसणाऱ्या मोठ्या प्रोसेसरांपैकी तो, म्हणून जुन्या बाजारात अजून भाव धरून असतो. इंटेलचाच सर्व्हरसाठीचा झिऑन ई३-१२३० व्ही२ स्वस्त मिळतो म्हणून उचलाल, तर त्यात ग्राफिक्सच नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळाच.

एका दुकानात ३४७० मागितला तर मला सांगितलं, "मॅडम, तुमचा बोर्ड हा प्रोसेसर घेणार नाही, बोर्डच बदलावा लागेल." घेतो. २१२० सारख्या २००० च्या मालिकेच्या वेळचा बोर्ड ३४७० सारखा ३००० च्या मालिकेतला प्रोसेसर ओळखत नसेल तर बहुतेक वेळा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) जुना असतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, प्रत्येकापुढे बायोसचा कितवा नंबर लागेल तेही लिहिलेलं असतं. बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच चढवायचा. नवा आधी बसवलात तर स्क्रीनवर काहीच येणार नाही आणि दुकानदार म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं? यूपीएस नसेल तर बायोसला हात लावू नका, मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो.

प्रत्यक्ष बदल सोपा आहे, घाई मात्र नको. आधी मशीन थोडा वेळ चालू ठेवा म्हणजे प्रोसेसर आणि वरचा कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट जरा सैल होते, मग बंद करून वायर काढा. कूलरच्या चार खिट्ट्या, त्यांच्यावर बाण असतो, त्या दिशेला वळवून वर ओढायच्या. माझ्या मशीनची पेस्ट भिंतीच्या चुन्यासारखी सुकून पोपडे धरलेली होती. दांडी उचलली की वरची पट्टी उघडते. या प्रोसेसरला टोचे नसतात, ते खाली सॉकेटमध्ये असतात, केसाएवढे बारीक, ओळीने तिरके उभे. तिथे बोट, कापड, काहीही लागता कामा नये. नवा प्रोसेसर कडेच्या दोन खाचा जुळवून सरळ वरून ठेवायचा, दाबायचा नाही. वर तांदळाएवढी नवी पेस्ट. कूलर बसवताना समोरासमोरच्या खिट्ट्या जोडीने दाबा, "कट्" असा आवाज आला पाहिजे. एखादी खिट्टी अर्धवट राहिली तर तापमान चढतं आणि मग लोक म्हणतात जुना प्रोसेसर खराब निघाला.

आता वायफाय. ते तुटणारं डोंगल भावोजींनीच आदल्या वर्षी आणून दिलेलं, हे इथे सांगितलंच पाहिजे. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं, कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीला चिकटून. पुढे पत्र्याचा डबा, आणि सगळ्या गल्लीचे राउटर त्याच पट्ट्यात ओरडतायत. यात प्रोसेसरचा काय संबंध?

मी बोर्डावरच्या पीसीआय-एक्सप्रेस एक्स१ या छोट्या स्लॉटचं कार्ड घेतलं, त्यावर इंटेल एएक्स२००. वायरचा अँटेना टेबलावर ठेवला, ५ गिगाहर्ट्झवर जोडलं, तुटायचं बंद झालं. दोन गोष्टी सांभाळा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच, स्वस्तही मिळतात, खाचेत बसतातही, पण ते नव्या इंटेल चिपसेटशिवाय (बोर्डावरच्या मुख्य चिपशिवाय) चालत नाहीत. २०० किंवा २१० घ्या. आणि कार्डासोबतची बारीक वायर बोर्डाच्या आतल्या यूएसबी पिनांना लावा, नाहीतर ब्लूटूथ दिसणार नाही. विंडोज ७ वर असाल तर एएक्स२०० चे ड्रायव्हर नाहीत, मग जुनं ७२६० बघा. कॅबिनेट बारकं असेल तर आखूड पट्टीचं कार्ड मागा. आणि घर जाड भिंतींचं असेल तर ५ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचत नाही, सरळ लॅनची वायर ओढा. डेस्कटॉप काही घरभर हिंडत नाही.

दिवाळीत भावोजी परत आले. मी त्यांच्यासमोर साठ पानांची पीडीएफ करून पाठवली. म्हणाले, "पण वहिनी, विंडोज ११ बसणार नाही." हा त्यांचा एकच मुद्दा बरोबर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलमध्ये ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा दुसरी, बदललात तरी तिसरी पिढी. म्हणून बँकेचे व्यवहार मी या मशीनवर करत नाही. तुम्हाला करायचे असतील किंवा लिनक्स चालणार नसेल, तर वरचं सगळं पुन्हा तोलून बघा. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम हे काम असेल तर नवाच घ्या, तिथे मी भांडणार नाही.

बाकी भावोजींचा स्वतःचा महागडा लॅपटॉप मे महिन्यात अडायला लागला. मला विचारत होते, यात रॅम वाढवता येईल का. नाही येत, ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे.

एसएमपीएस किती जुना आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. २०१२ चाच असेल तर प्रोसेसरच्या आधी तो बदला. आणि बोर्डाचा मॉडेल नंबर खाली लिहा, बायोसचं बघून सांगते.