संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

बायपोलर आजारातील, म्हणजे नैराश्य आणि उन्माद (मन अतिउत्तेजित होण्याची अवस्था) आलटून-पालटून येणाऱ्या आजारातील, नैराश्यावरील औषधचाचणीत मी स्वतः सहभागी झाले होते, म्हणून सांगते: संमतिपत्र घरी आणा, सावकाश वाचा आणि तुमची लक्षणे जवळून ओळखणाऱ्या माणसालाही वाचायला द्या, कारण उदास मनाला त्यातले धोके एकतर दिसतच नाहीत किंवा दुप्पट मोठे दिसतात.

सर्वांत आधी विचारा, की सध्याच्या गोळ्यांचे काय होणार. काही चाचण्यांत नवे औषध लिथियमच्या, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या नेहमीच्या औषधाच्या, जोडीला दिले जाते, तर काहींत आधीची औषधे बंद करावी लागतात. लिथियम अचानक थांबवल्यास उन्माद पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढतो, त्यामुळे ते स्वतःच्या मनाने कधीही सोडू नका.

तुमच्या वाट्याला औषधाऐवजी प्लासिबो, म्हणजे औषधी घटक नसलेली हुबेहूब गोळी, येऊ शकते आणि दुहेरी अंध पद्धतीत हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते. मला हे स्वीकारणे फार जड गेले. शिवाय नैराश्य ओसरत असल्याचा आनंद आणि उन्मादाची सुरुवात यांतला फरक आतून कळत नाही. म्हणून झोप कमी होऊनही थकवा जाणवत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.

भारतातील २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क आहे, आणि कारण न देताही बाहेर पडता येते. मात्र बाहेर पडतानाही गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करा.