आधी आकडा, मग चांदणी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ ओटीवर बसून राहिले. दोन महिने पगार अर्धा, त्यात धाकटीची फी, आणि नाताळ तीन आठवड्यांवर. ते सगळं समजलं. पण "आईला आणि पोरांना काही कळू द्यायचं नाही" असं म्हणालास, तिथे मला खटकलं.

पतपेढीच्या काउंटरवर माझी 28 वर्षं गेली. डिसेंबर लागला की सोनेतारणाची रांग लागायची. बांगड्या, साखळ्या, एकदा तर बाप्तिस्म्याला मिळालेला एवढासा क्रूस. "घरी फोन करू नका हं," असं हळूच सांगणारे त्यात कितीतरी. फेब्रुवारी-मार्चात उपासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार उजाडला तरी मी त्यांच्या व्याजाच्या पावत्या फाडत असायचे. आणि मी काय शहाणी होते? यांचं काम सुटलं त्या वर्षी घरातल्या सगळ्यांना हप्त्यावर नवे कपडे घेतले. थोरलीचा फ्रॉक पुढच्या नाताळाला आखूड झाला, तेव्हा शेवटचा हप्ता अजून बाकी होता.

म्हणून आज रात्री जेवणं झाली की सगळ्यांना बसव आणि हातात किती पैसे आहेत तो आकडा सांग. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिही, तोही मोठ्या अक्षरांत. त्यातून आधी मुलांच्या फीचे आणि जानेवारीच्या किराण्याचे पैसे वजा कर. उरले तेवढ्यात नाताळ. तुझा थोरला नऊ वर्षांचा आहे, त्याला वजाबाकी येते. तू दिवसभर घरात गप्प गप्प फिरतोस हेही त्याला दिसतंच.

मग पोरांनाच विचार, कशाशिवाय नाताळ वाटणारच नाही? पैज लावते, नव्या पडद्यांचं नाव कोणी काढणार नाही. पडदे आपण शेजाऱ्यांसाठी बदलतो.

ती गोठा म्हणतील, येशूच्या जन्माचा देखावा. त्याला खर्च कसला? नाचणी रात्रभर भिजवून दहा-बारा दिवस आधी जुन्या ताटलीत मातीवर पेरायची, नाताळापर्यंत बोटभर हिरवळ येते. रोज पाणी शिंपडायचं काम धाकटीला दे. खोका, पेंढा, मागच्या वर्षीचे पुतळे. मेंढीचा पाय मोडलाय तर मोडू दे. चांदणी बांबूच्या कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची कर. खळ घरीच शिजव.

खाण्यात मात्र अगदी हात आखडू नकोस, फक्त पदार्थ कमी कर. तुझ्या बायकोने लिहिलेल्या यादीत नऊ प्रकार आहेत म्हणे! तीन पुरेत. त्यातले कुलकुल हवेतच, कारण ते एकट्याने होत नाहीत. अर्धा किलो मैदा, मूठभर रवा, एका नारळाचं घट्ट दूध, एक अंडं, थोडं तूप, साखर, चिमूटभर मीठ. गोटीएवढी गोळी फणीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि सोडवता सोडवता गुंडाळायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. तुझी आई ते न बघता करते. पोरांचे वेडेवाकडे होतील, तेही तळा. त्या दोन तासांत टीव्ही बंद ठेव आणि आईला तिच्या लहानपणचा नाताळ विचार.

केकला काळा रंग यायला साखर करपवून पाणी घातलं की झालं. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ पसर, रिंग आणि शिट्टी काढ. मटण रोजच्या निम्मं आण, बटाटे घाल. विंदालू 23 तारखेलाच करून ठेव. व्हिनेगर मुरलं की चव वाढते, आणि तुम्हाला चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा जागेपणी ऐकता येईल.

बहिणीचं कुटुंब येणार आहे, तिला आजच फोन कर. "या वर्षी हात तंग आहे, गोड तुझ्याकडून" एवढंच म्हण. ती रुसेल असं तुला वाटतंय. रुसणार नाही. तिच्या लग्नाच्या वर्षी तिनेही हेच लपवलं होतं, मला ठाऊक आहे. भेटी एकमेकांना नकोतच, फक्त मुलांना द्या, आणि त्याही तीन राजांच्या सणाला, 6 जानेवारीला. राजांनी बाळ येशूला भेटी आणल्या त्या तेव्हाच असं मानतात, आणि तोवर दुकानांतले भावही उतरलेले असतात.

आणि लाज वाटली तर बायबलातल्या लूकचा दुसरा अध्याय काढून वाच. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा त्याच्या आईबापांनी, मरिया आणि योसेफ यांनी, पक्ष्यांची जोडी अर्पण केली. नियमाप्रमाणे कोकरू द्यायचं, पण ऐपत नसेल त्याला पक्षी चालत. हे त्या दोघांनी कुणापासून लपवलेलं नाही. भर मंदिरात, सगळ्यांसमोर दिले.

कुलकुलसाठी फणी विकत आणू नकोस. माझ्याकडे लाकडी आहे, फक्त त्याच कामाला ठेवलेली. रविवारी मिस्सेनंतर थोरल्याला पाठव, सोबत दोन नारळही देते.

तुझी,
मावशी